मुलीला पुण्यात 'सीआरसी'ची नोकरी मिळतेय, पाठवू का?

कोरेगावचे_मास्तर
सोमवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झाली आहे. वर्षभर साताऱ्यात एका लॅबमध्ये होती. आता पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे सीआरसी, म्हणून निवड झाली. बसायचं रुग्णालयात, पण ऑफर लेटर भलत्याच कंपनीचं, तेही एका वर्षाच्या कराराचं. हातात २१ हजार. आमच्या मेव्हण्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकाल लावला, "दाजी, हे माणसांवर औषधं ट्राय करणारे लोक. उद्या एखादा दगावला तर कागदावर सही कुणाची सापडणार? पोरीची." तेव्हापासून हिच्या आईचं जेवणात लक्ष नाही.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. ऐकीव गोष्टीवर बेरीज-वजाबाकी करत नाही, म्हणून इथं विचारतो. काम नेमकं काय असतं? माणूस दगावला तर खरंच काय होतं? आणि वर्षानंतर पुढं काय?

डबा_उघडा
सोमवार, रात्री ९:०४

काका, हॉस्पिटलची कॅन्टीन कशी आहे तेवढं आधी बघून घ्या. बाकी जाणकार येतीलच. वाचतोय.

नीलमोहोर
सोमवार, रात्री १०:३५

काका, मी ११ वर्षं हेच करतेय. पुण्यातच, आतापर्यंत तीन साइटवर. साइट म्हणजे जिथे ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी, चालते ते हॉस्पिटल. असे शब्द मध्येमध्ये येतील, आमच्या तोंडात तेच बसलेत.

आधी मेव्हण्यांचं घेते. सही पोरीची सापडेल हे खरं, पण ते म्हणतात तशी नाही. ट्रायलची जबाबदारी प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरची, म्हणजे पीआयची. तो डॉक्टर असतो. पेशंट ट्रायलमध्ये बसतो की नाही, औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, उलट्या औषधानं झाल्या की मूळ दुखण्यानं, हे सगळं तोच ठरवणार. साइटवर एक डेलिगेशन लॉग असतो. कोणी कुठलं काम करायचं ते त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावर पीआयची सही असते. मुलीच्या नावापुढे जे काम नाही ते तिनं करायचं नाही, कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. हे तिच्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घ्या.

मग ती करणार काय? उरलेलं सगळं. उद्याचंच सांगते. इंदापूरचे एक आजोबा पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरून उपाशीपोटी येणार. मी पावणेआठला हजर, कारण त्यांना साखर आहे आणि जास्त वेळ उपाशी ठेवून चालत नाही. पाच मिनिटं शांत बसवायचं, मग तीनदा बीपी, मग ईसीजी, मग रक्त. क्रम हाच, कारण प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात, तसा आहे. सुई टोचल्यावर घेतलेलं बीपी वेगळं येतं. सहा नळ्या, प्रत्येकीच्या झाकणाचा रंग वेगळा. एक लगेच मशीनमध्ये फिरवायची, एक अर्धा तास उभी ठेवून, दोन गोठवून ड्राय आइसमध्ये. कुरिअरवाला साडेतीनला येतो. तो गेला तर दिवस गेला, आजोबांना परत इंदापूरहून बोलवा. मग आजोबांनी पिशवीतून आणलेल्या गोळ्या मोजायच्या. ६० दिल्या होत्या, २८ दिवस रोज दोन, म्हणजे ४ उरायला हव्यात. उरल्या ९. त्या पाच गोळ्या कधी राहिल्या हे त्यांना न रागावता काढून घ्यायचं. "नातीच्या लग्नात गडबड झाली" हे कळेपर्यंत आजोबांचा नाश्ता झालेला असतो.

आणि मग लिहायचं. जे झालं ते, जेव्हा झालं तेव्हा, ज्यानं केलं त्याच्या नावानं. आमचा निम्मा दिवस लिहिण्यात जातो. व्हाइटनर चालत नाही, गिरवणं चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं आणि आजची तारीख. रात्री मग तेच सगळं औषध कंपनीच्या सिस्टिममध्ये भरा. दोन दिवसांनी क्वेऱ्या येतात, "बीपीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रीडिंगमध्ये एकच वेळ कशी?"

ऑफर लेटर ज्या कंपनीचं आहे तिला एसएमओ म्हणतात. हॉस्पिटलला माणसं पुरवण्याचा त्यांचा धंदा. त्यात फसवणूक नाही, पण ट्रायल संपली की तुमची खुर्चीही संपू शकते, हे धरून चाला. मी २०१४ साली १२ हजारावर लागले होते. २१ म्हणजे फार नाही. फ्रेशरला वाईटही नाही. रूमचं भाडं काढून काय उरतं ते तुम्ही माझ्यापेक्षा बरं मांडाल.

कोरडा_खोकला
सोमवार, रात्री ११:२०

ताई, छान लिहिलंय. पण सगळं वरवरचं. गरीब माणूस ओपीडीत येतो, समोर मोठा डॉक्टर, हातात वीस पानी कागद. "सही करा, चांगलं औषध आहे, फुकट आहे." तो करतो. याला तुम्ही संमती म्हणता. गिनीपिग शब्द कडू लागतो म्हणून खोटा होत नाही. सुप्रीम कोर्टात याचिका गेली तेव्हा कुठे २०१३ ला भरपाईचे नियम आले. त्याआधी काय चाललं होतं?

मास्तर, मुलगी हुशार दिसतेय. दुसरी नोकरी शोधा.

रविवारपेठी
मंगळवार, सकाळी ६:१५

सकाळी फिरून आलो, मग वाचलं. को.खो., तुमचा राग अनाठायी नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर 'ले पर्सन' म्हणून जातो. म्हणजे ज्याला औषधातलं काही कळत नाही असा माणूस. नियमानंच एक तरी लागतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. कायद्याचा माणूस हवा, बाई हवी. आम्ही मान्यता दिल्याशिवाय साइटवर एकही पेशंट घेता येत नाही. आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते. ही सक्ती २००९ पासून आहे. ती यादी कोणालाही फुकट बघता येते. मास्तर, मुलीला ज्या ट्रायलवर घेताहेत ती तिथे शोधून बघा.

माझं काम काय, तर मराठी संमतीपत्र वाचणं. पहिल्याच मीटिंगला हातात आलं त्यात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. मी म्हटलं, हा शब्द मला उच्चारता येत नाही, माझ्या दूधवाल्याला कसा कळायचा? तासभर घासाघीस झाली. शेवटी 'चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कॉम्प्युटर ठरवेल' असं आलं. प्लासिबोच्या जागी 'दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी' आलं. स्पॉन्सरच्या, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीच्या, लोकांना हे किरकोळ वाटतं. मला वाटतं त्या वीस पानांत कामाची वाक्यं तेवढीच.

दगावला तर काय, हे मास्तरांनी विचारलंय. ट्रायलमुळे इजा किंवा मृत्यू झाला असं ठरलं की भरपाई द्यायची ती स्पॉन्सरनं, कोऑर्डिनेटरनं नाही. मृत्यूसाठी सूत्र आहे: आठ लाख गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. जोखमीचा गुणांक अर्ध्यापासून चारपर्यंत. धडधाकट माणसाला चार, आधीच शेवटच्या टप्प्यात असलेल्याला अर्धा.

कोरेगावचे_मास्तर
मंगळवार, सकाळी ७:४०

सर्वांचे आभार. ९९.३७ हा आकडा कुठून आला? असा विचित्र भाजक उगीच कोणी घेत नाही.

रविवारपेठी
मंगळवार, सकाळी ८:०२

वा मास्तर! कामगार भरपाईच्या कायद्यातला वयाचा तक्ता आहे, तोच इथं वापरलाय. त्यात ६५ आणि पुढच्या वयाचा गुणांक ९९.३७. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला वरखाली सारखंच, भागाकार एक. १६ पर्यंतच्या पोराला २२८.५४, म्हणजे सव्वादोन पटींच्या वर.

कोरेगावचे_मास्तर
मंगळवार, सकाळी ८:१०

म्हणजे आधीच मरणपंथाला लागलेला ६५ चा माणूस चार लाख, आणि त्याच वयाचा ठणठणीत बत्तीस लाख. गणित बरोबर आहे. मनाला लागतं ती गोष्ट वेगळी.

भीमाकाठ
मंगळवार, दुपारी १:३०

आमच्या वढू-शिक्रापूर भागातली बाजू सांगतो. केईएम पुणेचं वढूला केंद्र आहे. २००२ पासून आसपासच्या गावांत त्यांची माणसं घरोघर फिरतात. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण सुनेला घेऊन परगावी गेलं, सगळं वहीत. रोटाव्हायरसच्या आपल्या देशी लशीची मोठी चाचणी २०११ ला सुरू झाली ती दिल्ली, वेल्लोर आणि इथं. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं. आज ती लस सरकारी लसीकरणात आहे. कोविशील्डची चाचणीही ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातच सुरू झाली होती. तेव्हा रांगेत उभं राहून दंडाला टोचून घेणारे आपणच होतो, गिनीपिग शब्द कोणाला आठवला नाही.

कोरडा_खोकला
मंगळवार, दुपारी २:१५

शहरातला शिकलेला माणूस रांगेत उभा राहणं आणि ओपीडीतला अंगठेबहाद्दर यात फरक आहे, भीमाकाठ. मी त्या ओपीडीतल्याबद्दल बोलतोय.

नीलमोहोर
मंगळवार, रात्री ९:५५

अंगठ्याचंच सांगते. आज दिवसभर को.खो. यांची पोस्ट डोक्यात होती.

मुळशीकडच्या एक आजी. मुलगा घेऊन आला होता. नवं औषध, आजींना लिहितावाचता येत नाही, म्हणजे दोन गोष्टी आल्या. एक, त्रयस्थ साक्षीदार. आमच्यापैकी कोणी नाही, ज्याचा ट्रायलशी काही संबंध नाही असा. त्या दिवशी दुसऱ्या पेशंटबरोबर आलेले एक पोस्टमन बसले, आपली चहाची वेळ घालवून. दुसरं, कॅमेरा. अशा पेशंटची संमती व्हिडिओवर घ्यावी लागते. कॅमेरा दिसल्यावर आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "फोटू काढायचा व्हता तर आदी सांगायचं. दुसरं लुगडं नेसले असते."

आमचे को-इन्व्हेस्टिगेटर डॉक्टर पाऊण तास समजावत होते. मी विचारलं, "आजी, आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?" यात आजी थांबल्या नाहीत. "चिठ्ठी टाकणार. नशिबात आसंल तर नवी गोळी, नायतर पोकळ गोळी. कुटली ते मलाबी कळायचं नाय आन् डागदरलाबी नाय. जुन्या गोळ्या चालूच. रगत आठ टायमाला. कवाबी सोडलं तरी डागदर रागवायचं न्हाईत." पोस्टमन हसून मान हलवत होते. माझ्या हातात शाईचं पॅड. आजी म्हणाल्या, "मग मला न्हाई करायचं. आठ टायमाला कोण येतंय."

मुलगा चिडला. महिन्याच्या आकड्याला आम्हाला दोन पेशंट कमी होते आणि कंपनीचा रोज फोन होता. मी स्क्रीनिंग लॉगमध्ये लिहिलं: संमती नाकारली. डॉक्टरांनी आजींच्या शुगरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढची तारीख दिली, नेहमीच्या ओपीडीची.

प्रत्येक साइटवर असंच होतं असं मी म्हणणार नाही. पाऊण तासाऐवजी सहा मिनिटांत उरकलेल्या संमत्या मी पाहिल्यात. को.खो., तुम्ही म्हणता ती ओपीडीही पाहिली आहे.

तीनचाकी
बुधवार, रात्री १२:१०

चार वर्षं सीआरसी होतो, आता सीआरए आहे, कंपनीतर्फे साइटचं काम तपासणारा. म्हणजे आधी ज्यांच्या क्वेऱ्यांना शिव्या घालायचो, आता मीच त्या टाकतो. मास्तर, पुढं काय, त्याचं एक उत्तर हे. दीड-दोन वर्षं साइटवर नीट काढली की सीआरए, डेटा, सेफ्टी असे दरवाजे उघडतात. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या साइटवर काम केलेलं माणूस ओळखतात. मात्र सीआरए झालं की पाय घरात ठरत नाही. या महिन्यात नागपूर, सुरत, हुबळी झालं.

कोर्सच्या नादी लावू नका. लाख-दीड लाख घेऊन 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले बरेच बसलेत. तिला नोकरी मिळालीच आहे. जीसीपीचं, म्हणजे ट्रायल कशी चालवायची त्या नियमांचं, ट्रेनिंग कंपनी देते.

एक गंमत. मुलीला पेशंट डायरी तपासायला शिकवा. पेशंटनं रोज घरी लिहायचं असतं, किती वेदना, कधी गोळी. एकदा साइटवर डायरी बघितली, तीस दिवस, एकच निळं पेन, एकच अक्षर, एकाच कोनात. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर टेकून भरलेली. सीआरसी मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, दिसलं मला. मी तसंच नोटमध्ये लिहिलंय." वाचलं तर खरंच होतं, तारीख-वेळेसह. त्या साइटला मी नंतर डोळे झाकून, म्हणजे आमच्या भाषेत निम्मे डोळे झाकून, तपासायचो.

आणि औषधांचा फ्रिज! २ ते ८ अंश. लाइट गेली की सीआरसीचा जीव त्या तापमान नोंदणाऱ्या डेटा लॉगरमध्ये. बाकी ती स्वतः शिकेल.

कोरेगावचे_मास्तर
बुधवार, सकाळी ७:०५

रात्री हिच्या आईला सगळं वाचून दाखवलं. आजींच्या लुगड्यापाशी ती पहिल्यांदा हसली.

ताई, एकच विचारतो. शाळेतही पाहिलंय, साहेब म्हणतात हजेरीत एवढं लिहा. तुमच्यात डॉक्टर म्हणाले, असं लिही, तर?

नीलमोहोर
बुधवार, रात्री १०:४०

काका, हे विचाराल असं वाटलंच होतं. नाव-गाव काढून सांगते.

दुसऱ्या साइटवर असताना एक पेशंट शनिवारी रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलात ॲडमिट झाला. छातीत दुखत होतं. रविवारी सकाळी त्याच्या मुलानं मला फोन केला, मी मंडईत होते, हातात मेथीच्या दोन जुड्या. पिशवीतल्या बिलामागे वेळ लिहिली: ११:२०. ॲडमिशन म्हणजे सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट, गंभीर प्रतिकूल घटना. २४ तासांत औषध नियंत्रकांना, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला इन्व्हेस्टिगेटरचा रिपोर्ट जायला हवा. उशीर झाला तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं. पीआय लग्नाला बाहेरगावी. फोन लावले, मेसेज केले, मेल केली. सोमवारी दुपारी ते आले. कागद बघून म्हणाले, "आपल्याला आज सकाळी कळलं असं लिही ना. काय फरक पडतो? पेशंट तर बरा आहे."

पेशंट खरंच बरा होता. म्हणूनच ते वाक्य इतकं सोपं वाटतं. मी उभीच होते. म्हटलं, "सर, मुलाच्या फोनमध्ये कॉल रविवारचा आहे, माझ्या मेलची वेळही रविवारची आहे." हे धाडस वगैरे नव्हतं. पाय कापत होते, आणि खरं कारण सांगायला जीभ धजली नाही म्हणून मी कॉल लॉगचं निमित्त पुढे केलं. त्यांनी न बोलता सही केली. रिपोर्ट उशिरा गेला, कारण लिहून गेला, डेव्हिएशन, म्हणजे नियम चुकल्याची नोंद, झाली. बाहेरून कोणीही काही केलं नाही. एथिक्स कमिटीचं एक पत्र आलं: यापुढे पीआय रजेवर असताना कोण, ते कळवा. बस.

सर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मार्चमध्ये करार वाढला नाही. कारण 'फंडिंग'. दोन महिने घरी बसले, मग आत्ताची साइट मिळाली.

तेव्हा मुलीला पाठवताना हेही सांगून पाठवा. हातात तीनेक महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, म्हणजे नाही म्हणताना पाय थोडे कमी कापतात.

डबा_उघडा
बुधवार, रात्री १०:५८

मेथीच्या बिलावर वेळ. दंडवत घ्या ताई.

कोरडा_खोकला
बुधवार, रात्री ११:३०

हे लिहिलंत ते बरं केलंत. माझं मत तेच आहे. पण मास्तर, मुलगी जाणारच असेल तर असल्या ताईच्या हाताखाली जाऊ दे.

रविवारपेठी
गुरुवार, सकाळी ६:२०

असली पत्रं आमच्या कमिटीतूनही जातात. पलीकडे कोणाचा करार जातो, हे आम्हाला कधीच कळत नाही. पुढच्या मीटिंगला विचारेन.

कोरेगावचे_मास्तर
रविवार, सकाळी ९:३०
*(दीड महिन्यानंतर)*

मंडळी, धागा वर काढतोय. मुलगी रुजू झाली. रास्ता पेठेत दोन मुलींबरोबर खोली घेतली आहे. सीटीआरआयवर तिची ट्रायल शोधून दिली, ती म्हणाली, "बाबा, मला आहे माहीत." तीन महिन्यांचा खर्च तिच्या खात्यात वेगळा टाकला आहे. कशासाठी ते सांगितलं. ती काही बोलली नाही.

पहिले तीन आठवडे नुसता प्रोटोकॉल वाचला म्हणे, आणि फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं. काल पहिल्यांदा घरी आली. आल्या आल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली. मी दुधाचा हिशेब त्यावरच मांडतो. १२ तारखेला दीड लिटरचा आकडा गिरवून मी एक केला होता. म्हणाली, "बाबा, हे काय? आधी किती होतं ते दिसतच नाही." मी म्हटलं, अगं, दूधवाला चुकला होता, मी दुरुस्त केलं. तिनं पर्समधून निळं पेन काढलं, माझ्या हातात दिलं, आणि मी शेजारी नीट लिहून, आद्याक्षरं टाकून, कालची तारीख घालेपर्यंत तिथून हलली नाही.

मेव्हणा हे सगळं बघत चहा पीत होता. म्हणाला, "दाजी, सही तुमचीच सापडली की."